उसवण

मैदानाखाली, पायऱ्यांच्या पोटात माझी खोली.
शिलाई मशीन, इस्त्री, आणि जमिनीलगत एक खिडकी
जिच्यातून फक्त बूट दिसतात.
सव्वीस हंगाम झाले. पोरं मला मिस श्वेनके म्हणतात,
मुरली की नुसतं डॉली.

बातमी दुपारी तीनच्या आत येते.
वरच्या संघात कुणाचा खांदा धरला,
कुणाच्या घरी बाळ झालं,
कुणाची बॅट दहा सामने मुकीच राहिली,
की तिकडे एक जागा रिकामी होते
आणि इकडे आयोवात, नदीकाठी, मी कात्री शोधते.

वर गेला त्याचं नाव उसवायचं,
खाली आला त्याचं शिवायचं.
टाका एकेरीच घालायचा,
एवढं पहिल्याच हंगामात शिकले.

वर ऊन खात हँक ओस्टरहाउट बसलेला असतो,
रेल्वेतून निवृत्त, मांडीवर वही.
कालपरवा मिसरूड फुटलेल्या पोराची
उंची, वजन, मनगटाची जाडी टिपून घेतो
आणि सांगतो, हा चार वर्षांत वर.
आजवर त्याचे अकरा खरे निघाले.
खोटे किती निघाले, ते तो मोजत नाही.

अक्षरं मी टाकत नाही. बिस्किटांच्या डब्यात ठेवते.
पेगेरोचा पी एका पीटरसनला लागला,
त्याच्यावरून तिसऱ्याला.
ई, आर, ओ यांची तर ददात नाही.
क्यू मात्र एकच होता,
लिंडक्विस्टचा.

डावखुरा. पोटापुरता वेग, गरजेपेक्षा जास्त सभ्य.
चार हंगाम तो क्यू त्याच्या पाठीवरून हलला नाही.
एकदाच बोलावणं आलं, ऑगस्टात.
तीन दिवस तिथल्या बाकावर बसला,
सूर्यफुलाच्या बिया फोडल्या,
चेंडू हातात न घेता परत आला.
त्याचा शर्ट मी उसवला नव्हता.
खुंटीवर तसाच पाहून त्याला काय वाटलं असेल?
माझा आळस? माझी माया?
की मला आधीच माहीत होतं?
तो एवढंच म्हणाला,
"तिसरं बटण लावलंस वाटतं."

पुढच्या मेमध्ये त्याला सोडून दिलं.
दार लोटून, दोन मिनिटांत.
आता मिनेसोटात धान्याचं कोठार सांभाळतो.
नाताळात कार्ड येतं, त्यावर बायकोचं अक्षर.

जूनमध्ये अदलाबदल झाली.
आमचा कॅचर गेला, बदल्यात
"एक खेळाडू, नाव नंतर कळवू."
कागदावर असंच लिहितात.
मी शर्ट काढून ठेवला. सदुसष्ट नंबर, वरती कोरं कापड.
सहा आठवडे तो माझ्यासमोर टांगलेला.
इस्त्री करताना मनात यायचं,
कुठल्यातरी बसमध्ये एक पोरगा
काचेला डोकं टेकून झोपला असेल,
आणि त्याला पत्ता नसेल
की आपण एका कॅचरची उरलेली किंमत आहोत.

काल आला तो. विशीतला.
हातात एकच पिशवी, पायात दुसऱ्याचे बूट.
आडनाव किन्योनेस.
मी डब्यातून क्यू काढला,
कडेला लिंडक्विस्टच्या सुईची भोकं अजून होती.
त्याच भोकांतून दोरा ओवला.

शिवून झाल्यावर शर्ट त्याच्यापुढे धरला.
तो बघत राहिला. मग हलकेच बोट ठेवलं:
"सेन्योरा, या एनवर एक लाट असते."

डब्यात लाट नव्हती.
सव्वीस वर्षांत कुणी मागितलीच नव्हती.
पेन्या, नुन्येझ, तो हसरा ओर्दोन्येस,
सगळे माझ्या हातून सपाट गेले,
काही वर, बरेचसे घरी,
आणि कुणी चकार शब्द काढला नाही.

मशीन बाजूला सारलं. चष्मा पुसला.
लाट हातानेच घातली, जरा वाकडी,
बोटाला सुई टोचली तरी.

आता खिडकीतून बूट चाललेत,
त्यातले दुसऱ्याचे कुठले, ओळखू येतात.
वरून हँकचा आवाज,
मनगटं बारीक आहेत, नाही टिकायचा.

दोरा दुहेरी घेतला होता,
हे मला आत्ता लक्षात येतंय.